मेरुगडचा शेवट आणि मागच्या ओळीचं पाणी

मुकुंदवाडी, औरंगाबाद
६ मे २०१९

दीपमाला,

फोन तू उचलत नाहीस, मोबाइलवर मला ब्लॉक केलंस आणि 'मेरुगड मंडळ' ग्रुपमधून तर न सांगताच बाहेर पडलीस. राहिलं पोस्ट. पोस्टमनला काही तुला ब्लॉक करता येणार नाही. करमाड इथून बसनं पाऊण तास, मी स्वतःच येऊ शकले असते. पण बोलावल्याशिवाय मी कुणाच्या भावाच्या दारात जाऊन उभी राहत नाही, हे बावीस वर्षं शेजारी काढल्यावर तुला वेगळं सांगायला नको.

आधीच सांगते, हे माफीचं पत्र नाही. सदतीस वर्षं गणित शिकवलं मी. उत्तर बरोबर असलं की ते खोडायची मला सवय नाही. 'मेरुगड' मालिकेचा शेवट चुकलाच आहे, आणि तो कसा चुकला हे तुला शांतपणे सांगावं म्हणून कागद घेतला. त्या दिवशी मंडळाच्या सभेला सिडकोतल्या हॉलमध्ये कॉलेजच्या पोरांचा गलका होता आणि तू मध्येच उठून गेलीस.

तुला सगळं पाठ आहे, तरी पहिल्यापासून मांडते. पायऱ्या लिहिल्याशिवाय मी कुणाला गुण दिले नाहीत. राणी शाल्मली लहानपणी अनाथ झाली. सहा सीझन ती लढली, सिंहाच्या धडाला पंख असलेलं शरभासारखं जनावर तिनं माणसाळवलं आणि त्याच्या पाठीवरून सात किल्ले घेतले. दुसऱ्या सीझनमध्ये उत्तरेचा दरवाजा उघडा राहिला, शत्रू आत आला, निम्मं मेरुगड जळालं. म्हातारा दरवान दंडक फितूर ठरला आणि त्याचा कडेलोट झाला. पुढं चार सीझन लोक त्याच्या नावानं थुंकले. आणि शेवटच्या भागात, ऐन राज्याभिषेकाला, ही बाई मुकुट काढून म्हणते की तो दरवाजा मीच उघडा टाकला होता, शरभाचं पिल्लू बघायला गेले होते. आणि दंडकाच्या बायकोसमोर गुडघे टेकते.

आता मला सांग, याला काय अर्थ आहे? दंडक मेला तो मेला. तो परत येणार नव्हता. जिच्या शब्दावर सात किल्ल्यांचे लोक झोपतात तिनं भर दरबारात स्वतःची शोभा करून घ्यायची, ती कुणाच्या भल्यासाठी? राज्य चालवणाऱ्या माणसाला काही गोष्टी पोटात ठेवाव्याच लागतात. हे मी हॉलमध्ये बोलले, पोरांनी टाळ्या वाजवल्या, शेवट बदलून मागणाऱ्या अर्जावर सह्या सुरू झाल्या. तेवढ्यात तू उभी राहिलीस आणि माइकसुद्धा न घेता म्हणालीस, "राणी बोलली ते लई बेस झालं. दंडक एकदाच मेला, बाई, पर त्याचं नाव रोज मरत व्हतं."

यावर मी जे म्हणाले ते मला आठवतं. मालिका भाजी निवडता निवडता बघणाऱ्यांनी कथानकावर बोलू नये, असं म्हणाले. चाळीस पोरं हसली. वाक्य जरा कडक झालं, एवढं मी कबूल करते. पण मुद्दा माझाच बरोबर होता.

इकडं ठीक आहे. मतदानाची शाई अजून बोटावर आहे. पाणी या खेपेला नवव्या दिवशी आलं. वॉल्व्हवर नवा माणूस ठेवलाय, त्याला अजून कॉलनीतल्या घरांची पुढची ओळ कुठली आणि मागची कुठली हे उमगत नाही. तुझी सून अश्लेषा बादल्या घेऊन माझ्याकडं आली होती, दिल्या भरून. आमच्या केशवरावांचा तुला नमस्कार. ते म्हणतात, राक्षसांच्या मालिकेवरून भांडणाऱ्या साठीच्या बायका त्यांनी पहिल्यांदाच पाहिल्या.

उत्तर लिही. मुद्द्यावर लिही.

प्रमोदिनी


मुकुंदवाडी
१५ मे २०१९

दीपमाला,

तुझं पत्र नाही. हरकत नाही. मी वर्गात प्रश्न विचारून पाच-पाच मिनिटं वाट बघितलेली आहे, शेवटी कुणीतरी हात वर करतंच.

मंडळाची बातमी देते. अर्जावर सह्या भरपूर झाल्या. आता मनस्विनी आणि मी मिळून बदललेला शेवट लिहितोय. मनस्विनी म्हणजे ती इंजिनिअरिंगची, केस निळे केलेली, तू जिला दर वेळी "हिची आई काय म्हणत आसंल" म्हणायचीस. लिहिते मात्र छान. आमच्या शेवटात शाल्मली गुपित पोटात ठेवते, चाळीस वर्षं उत्तम राज्य करते आणि मरते. मला पसंत होता. पण परवा ती माझ्या स्वयंपाकघरात बसून पेन चावत म्हणाली, "मॅडम, दंडकची बायको तर वाड्यातच धुणं धुते ना? मग चाळीस वर्षं रोज ती समोरून गेली की राणी काय करते?" मी म्हटलं, काय करायचंय, राण्या धुणंवाल्यांकडे बघत नसतात. ती म्हणाली, "मग ती आपली शाल्मलीच नाही वाटत." आजकालच्या पोरींना फार प्रश्न पडतात. तेव्हापासून ते पान तिथंच अडलंय.

दुसरी गोष्ट लिहावी की नाही, विचार करत होते. लिहिते.

रविवारी स्टेशनसमोरच्या बाजारात भामाबाई भेटली, आपल्या वॉल्व्हवरच्या सांडूची बायको. आपल्या कॉलनीनं काढल्यावर त्याला शेजारच्या दोन्ही कॉलन्यांनीही काढलं. ऐन पाण्याच्या टंचाईत ज्याच्यावर पाणी चुकवल्याचा ठपका, त्याच्या हातात वॉल्व्ह कोण देणार? सध्या तो शेंद्र्याच्या कारखान्यांत माल उतरवायला जातो. मणक्याचा त्रास तुला माहीत आहे त्याचा. भामाबाई मला म्हणाली, "बाई, तुमी शाळेतल्या. तुमच्या शब्दाला वजन हाय. एक चिठ्ठी लिवून द्या की, हा मानूस इमानदार हाय म्हनून. तेवढ्यावर त्याला काम भेटंल."

मी हो म्हणाले. त्यात काय, दोन ओळींची चिठ्ठी. 'सांडू यांना मी बारा वर्षं ओळखते. ते प्रामाणिक व कामाशी इमान राखणारे आहेत.' हे लिहिलं आणि फाडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं. गेल्या तीन दिवसांत सहा कागद झाले. केशवरावांनी विचारलं, कविता करतेस का? मी म्हटलं, अक्षर बिघडलंय.

तुझ्या घरचं: नातवाच्या बारशाचा विषय अजून संपत नाही. अश्लेषाच्या मावससासूनं परवा पुन्हा ऐकवलं तिला. साठ माणसं जेवायला बोलावलेली आणि सुनेनं सकाळी पाणी भरून ठेवलं नाही, असं ती सगळीकडं सांगत फिरते. पोरगी बिचारी काय भरणार, नळालाच आलं नाही तर. सगळे म्हणतात सांडूनं घोळ केला. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं काही वेळा होतं.

ही म्हण मी उगाच लिहिली. पण शाईनं लिहिलंय, आता राहू दे.

प्रमोदिनी


मुकुंदवाडी
२३ मे २०१९

दीपमाला,

आज सगळं गाव निकाल बघत टीव्हीपुढं बसलंय. मी बसले नाही. दार लावून लिहिते आहे.

एकवीस एप्रिलला तुझ्या मागच्या ओळीत पाणी आलं नाही ते माझ्यामुळं. सांडूमुळं नाही.

आता पायऱ्या. वीस तारखेला, शनिवारी संध्याकाळी सांडू आला. फर्दापूरला बहिणीच्या मुलीचं लग्न होतं, त्याला पहाटेची गाडी धरायची होती. ती लांबलचक लोखंडी चावी, वॉल्व्हची, माझ्याकडं देऊन म्हणाला, "बाई, सात वाजता पानी सुटंल. साडेआठपस्तोर पुढची वळ चालू द्या, मंग चावी फिरवा, मागची वळ भरंल. दहाला जातंय पानी. पुंडलिकराव सेक्रेटरींना सांगू नका, त्यांना चावी दुसऱ्याच्या हातात दिलेली चालत नाय." मी म्हटलं, जा निर्धास्त. दोन ओळींचं गणित, मला काय अवघड.

रविवारी सकाळी सात चाळीसला शेवटचा भाग सुरू झाला. तू बारशाचं घर सोडून आलीस, सुनेला सांगून आलीस की फुलं आणायला जाते. आपण दोघी सोफ्यावर. साडेआठ कधी वाजले मला कळलं नाही. कळलं नाही, हे खरं आहे, आणि तेवढंच माझ्या बाजूनं आहे. भाग पावणेनऊला संपला. मग आपण वाद घालत बसलो, तू म्हणालीस बरं केलं तिनं, मी म्हणाले वाट लावली. नऊ वीसला केशवराव न्हाणीतून ओरडले की नळ गेला. त्या दिवशी पाणी चाळीस मिनिटं आधीच गेलं. तू फुलं न घेताच घरी पळालीस. तू गेल्यावर मी चावी घेऊन धावले, वॉल्व्ह फिरवला. आत नुसती हवा होती.

मी तेव्हाच पुंडलिकरावांकडं जायला हवं होतं. नाही गेले. म्हटलं, आज बारसं आहे, तुझ्या घरात आधीच धावपळ, जार आणायला पोरं पळतायत, यात आणखी कशाला. दुपारी तुझ्याकडं जेवायला आले. विकतच्या जारच्या पाण्यानं हात धुतले आणि श्रीखंड चांगलं झालंय म्हणाले. तुझी विहीण, लेकीची सासू, टोमणे मारत होती ते ऐकलं आणि तिला म्हणाले, या शहराचं काही खरं नाही.

संध्याकाळी मीटिंग. तूही होतीस, माझ्या मागच्याच खुर्चीवर. लग्नाहून तसाच आलेल्या सांडूला पुंडलिकराव सेक्रेटरीच्या थाटात विचारत होते, सकाळी कुठं होतास. सांडू म्हणाला, "फिरवायला सांगितलं व्हतं, सायब." ते म्हणाले, कुणाला? आणि सांडूनं माझ्याकडं बघितलं. एकदाच. मग खाली. त्याला वाटलं मी बोलेन. मला वाटलं तो बोलेल. मग तो म्हणाला, "चुकी झाली." आणि मी मूग गिळून बसले.

त्याच्या नातीला मी फुकट शिकवते, म्हणून त्यानं माझं नाव घेतलं नाही. हे मला त्याच क्षणी कळलं होतं. तरी मी गप्प राहिले. घरी आले तेव्हा भीती होती, आणि दीपमाला, थोडं बरंही वाटत होतं. ते बरं वाटलेलं मला सगळ्यात जास्त लागतं.

म्हणून मी त्या हॉलमध्ये तशी बोलले. राणी बरोबर ठरली असती तर मग माझं काय? चोराच्या मनात चांदणं. तू दंडकाच्या नावाचं बोललीस तेव्हा मला वाटलं तुला सगळं कळलंय, आणि मी घाबरून तुलाच चावले. भाजी निवडण्याबद्दल बोलले त्याची मला लाज वाटते. कथानक तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, नेहमीच कळत आलंय. शरभाचं पिल्लू जिवंत आहे हे तू चौथ्या सीझनला सांगितलंस, मी हसले होते.

येत्या रविवारी कॉलनीची मीटिंग आहे. मी उभी राहून सांगणार. भामाबाईची चिठ्ठी त्यानंतर लिहीन, आता जमेल. तू ये म्हणत नाही. तुझ्या घराचा मान माझ्यामुळं गेला, तुझा राग योग्यच आहे. मला फक्त एवढंच पाहिजे की पुढच्या पावसाळ्यात तू त्या सोफ्यावर असावंस, मग टीव्हीवर काहीही लागो.

तुझी
प्रमोदिनी


मुकुंदवाडी
३ जून २०१९

दीपमाला,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. त्याचं उत्तर शेवटी देते, आधी मीटिंग.

उभी राहिले आणि सांगितलं. एका दमात, काही न लपवता. मला वाटलं होतं लोक खवळतील. पुंडलिकराव म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, होतं असं कधी कधी." एक जण म्हणाला, एवढा मनाचा मोठेपणा आजकाल दिसत नाही. आणि टाळ्या वाजवल्या, दीपमाला. माझं कौतुक करून लोक चहाकडं वळायला लागले. सांडूचं नावही कुणी काढेना. मग मात्र माझा वर्गातला आवाज लागला. म्हटलं, बसा सगळे. ज्या माणसाला या अंगणात उभं करून काढलं, त्याच्या घरी सेक्रेटरी स्वतः जातील, याच अंगणातल्या चार माणसांना घेऊन, आणि शेजारच्या दोन्ही कॉलन्यांना लेखी कळवतील. तोवर चहा नाही. केशवराव पहिले उठून चपला घालायला लागले. लग्नाला सदतीस वर्षं झाली, त्यांनी माझ्या आधी उठलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

सांडू घरासमोर बाजेवर पडून होता, कंबर धरलेली. मी सांगितलं. तो म्हणाला, "ते मला ठावं व्हतं की बाई. नवीन काय?" मी म्हटलं, लोकांना सांगितलं. "व्हय, ते बरं केलं. महिना लावला तुमी." भामाबाई आतून पाणी घेऊन आली, तिनं पुंडलिकरावांना दिलं, केशवरावांना दिलं, मला दिलं नाही. मी मागितलंही नाही. सांडू एक तारखेपासून कामावर आलाय. आल्या दिवशी मला एवढंच म्हणाला, "आता घरात कुनाचं लगीन आसो का मयत, चावी मी कुनाच्या हातात देनार नाय. तुमच्या बी नाय." त्याच्या नातीनं शिकवणीला येणं बंद केलंय. मी विचारायला गेले नाही. तो त्यांचा निर्णय आहे.

आता तुझं पत्र. तुझंच लिहिलेलं तुला परत लिहून दाखवते, म्हणजे मी ते नीट वाचलंय हे तुला कळेल.

"बाई, तुमच्यावर राग धरून मी करमाडला नाय आले. चावी टीव्हीच्या टेबलाला टेकून उभी व्हती, मला दिसली. सांडू नाय, चावी तुमच्याकडं, म्हंजी तुमीच फिरवनार, एवढं मला कळत व्हतं. आठ पस्तीसला मी घड्याळ बगितलं. तुमाला सांगनार तेवढ्यात राणीनं मुकुट काढला. म्हनलं, एवढं ऐकून घ्यावं मंग सांगावं. माझ्याच घरचं पानी, माझ्याच नातवाचं बारसं. मीटिंगीत तुमच्या मागं बसून मी बी गप. इकडं समदे अश्लेषाला बोलले, पोरगी रडली, तरी मी गप. हॉलात राणीचं बोलले ते तुमाला टोचाया नाय. माझं मला बोलता येत नव्हतं म्हनून तिचं बोलले. तुमी समद्यात म्होरं आसता, वाटलं तुमी बोलाल, मंग मागून मी बी बोलंन."

हे मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. महिनाभर मी एकटी जळत होते आणि तू तिकडं तेच घेऊन बसली होतीस. मग हसू आलं, दोन म्हाताऱ्या एका सोफ्यावर, एकीला घड्याळ दिसत नाही आणि दुसरीला दिसून उठवत नाही. मग रडू आलं. केशवरावांनी विचारलं काय झालं, मी म्हटलं दीपमालाचं पत्र आलंय, तेवढं पुरलं त्यांना.

मीटिंगमध्ये तुझं नाव मी घेतलेलं नाही, तेव्हा मला माहीतच नव्हतं. आता माहीत असूनही घेणार नाही. कॉलनीसमोर तू उभं राहावंस असंही मी म्हणत नाही. चावी फिरवायचा शब्द मी दिला होता, तू नाही. सांडूचं देणं माझं होतं, ते मी जमेल तसं दिलं.

पण अश्लेषाचं देणं माझ्यानं फिटत नाही. सांडूची बाजू सगळ्यांना कळल्यावर, तुझी विहीण आणि ती मावससासू तुझ्या घरी आल्या होत्या तेव्हा मी मुद्दाम तिथं जाऊन आले, पाणी माझ्यामुळं गेलं म्हणून सांगितलं. त्या मान हलवून म्हणाल्या, ते खरं, पण सुनेनं आदल्या दिवशीच भरून ठेवायला पाहिजे होतं. अश्लेषा हे दारात उभी राहून ऐकत होती. संध्याकाळी बाळाला कडेवर घेऊन माझ्याकडं आली आणि म्हणाली, "काकू, आई माझ्यावर रागावून गेल्या का? मी त्यांना त्या दिवशी चिडून म्हणाले होते, फुलं आणायला गेलात त्या दोन तास कुठं होतात."

मला सगळं उत्तर माहीत होतं, दीपमाला. तोंडावर आलं होतं. तू मला ओळखतेस, कुणी प्रश्न विचारला आणि मी गप्प बसले असं वर्गात कधी झालं नाही. पण मी म्हटलं, ते तुझ्या सासूलाच विचार. पोरगी महिनाभर असं समजून राहिलीय की घरातलं माणूस तिच्यामुळं निघून गेलं. रोज त्या मागच्या ओळीतल्या घरात भांडी भरभरून ठेवतेय, पिंप, कळश्या, घंगाळं, बाळाचा आंघोळीचा टबसुद्धा, पुन्हा कुणी बोलायला नको म्हणून.

येत्या रविवारी ये, सकाळी आठला करमाडहून बस आहे. मी मुकुंदवाडीच्या थांब्यावर असेन. तुझ्या दारापर्यंत सोबत येईन आणि तिथून मागं फिरेन. आत तुला एकटीलाच जायचंय.

प्रमोदिनी